कॉर्न स्नेकची १४ अंडी: कॅन्डलिंगची नोंद, दिवस ० ते ६६

अंडी घालण्याआधीची कात टाकून झाल्यावर दहाव्या दिवशी १४ अंडी आली. ११ एकमेकांना चिकटलेली, ३ सुटी. इन्क्युबेटर २८ अंश सेल्सियसवर. डब्यात २०० ग्रॅम कोरडं वर्मिक्युलाइट (ओलावा धरून ठेवणारं भुसभुशीत खनिज) आणि २०० ग्रॅम पाणी. प्रमाण वजनानेच मोजायचं, वाटीने नाही. मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी निथळता कामा नये.

दिवस ०

पहिलं कॅन्डलिंग, म्हणजे अंधारात अंड्याला टॉर्च लावून आत बघणं, आजच. ‘आठवडाभर हात लावू नका’ हा सल्ला कोंबडीच्या अंड्यांवरून आलेला वाटतो. सापाचा गर्भ मादीच्या पोटातच बराच वाढलेला असतो, त्यामुळे बॉल पायथन या अजगराच्या अंड्यात कित्येकदा पहिल्याच दिवशी शिरांचं जाळं दिसतं. कॉर्नमध्ये चित्र फिकं असतं, पण गुलाबी ठिपका किंवा पुसट लाल वळं सापडतं. शिवाय अंडी डब्यात हलवताना हाताळावी लागतातच, मग त्याच वेळी पाहून घेतलेलं बरं.

त्यानंतर मात्र अंडं फिरवायचं नाही. कोंबडीच्या अंड्यात बलक मध्ये धरून ठेवणारे पीळदार धागे असतात, ते सापाच्या अंड्यात नसतात. गर्भ बलकाच्या वरच्या अंगाला बसतो आणि त्याची पटलं कवचाला आतून चिकटतात. अंडं उलटलं की बलकाचा भार गर्भावर येतो, शिरा ताणल्या जातात आणि गर्भ मरू शकतो. म्हणून मऊ पेन्सिलने प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर नंबर टाकला. मार्कर नको, त्यातलं द्रावक कवचातून झिरपू शकतं.

टॉर्च पेनाएवढा, एलईडीचा. तोंडावर काळ्या फोमची चकती आणि तिला साधारण १ सेंटिमीटरचं भोक. चकती नसेल तर उजेड बाजूने निसटून डोळ्यात येतो आणि बारीक शिरा दिसतच नाहीत. जुन्या फिलामेंट बल्बचा टॉर्च तापतो, तो वापरू नका. खोलीत पूर्ण अंधार करून पाच मिनिटं नुसतं थांबायचं, डोळे सरावतात. मग टॉर्च अंड्याच्या कुशीला हलकेच टेकवायचा आणि दहा सेकंदांत काढायचा. गठ्ठ्यातल्या अंड्यांना फटीतून दोन-तीन कोनांतून उजेड द्यावा लागतो. गठ्ठा सोडवायचा मोह टाळा, कवच फाटलं तर अंडं गेलंच.

आजचा हिशेब असा. दहा अंड्यांत गुलाबी झाक आणि ठिपका किंवा वळं. १३ आणि १४ नंबर उघडच वांझ: लहान, मेणासारखी पिवळी, बोटाला टणक, उजेडात एकसारखा पिवळा रंग. ती बाजूला काढली, सुटी होती म्हणून सोपं गेलं. ५ आणि १२ बद्दल शंका आहे. ५ गठ्ठ्याच्या मधोमध आहे, आकार चांगला पण आत काहीच नाही. १२ सुटं, आणि त्याच्या कवचावर नखाएवढा पारदर्शक डाग. तिथे चुन्याचा थर पातळ बसलेला असतो, यालाच खिडकी म्हणतात. खिडकी असली म्हणजे अंडं वांझ असं नाही. तिथून पाणी जास्त उडतं, इतकंच. म्हणून १२ नंबर इतरांपेक्षा किंचित खोल बसवलं, खिडकी माध्यमाच्या (ओल्या वर्मिक्युलाइटच्या) वर राहील एवढं.

नर-मादी एकत्र आलेच नाहीत, म्हणून न बघताच अख्खा क्लच, म्हणजे एका वेळची सगळी अंडी, टाकून देणारे भेटतात. माद्या शुक्राणू दीर्घकाळ साठवून ठेवू शकतात, आणि नराविनाही पिल्लं होऊ शकतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या प्राणिसंग्रहालयातल्या जाळीदार अजगर मादीच्या अंड्यांतून जी पिल्लं निघाली, त्यांच्या डीएनएत फक्त आईचाच वाटा होता. उजेड धरून बघायला दोन मिनिटं लागतात.

दिवस ४

दहा अंड्यांत लाल शिरा स्पष्ट, माथ्याकडून खाली पसरणाऱ्या. १२ मध्ये वळं दिसलं! बारीक, केसाएवढं, खिडकीच्या उलट बाजूला. पहिल्या दिवशी खिडकीतूनच उजेड टाकला होता, तो सगळा आत भरून गेला आणि वळं त्यात बुडालं. खिडकी असलेलं अंडं नेहमी तिच्याशी काटकोनात बघावं. ५ अजून पिवळंच.

दिवस १०

५ वर करडी-हिरवी बुरशी आणि एक खळगा. वांझ, आता शंका नाही. तरी ते गठ्ठ्यातून उपटलेलं नाही. शेजारची जिवंत अंडी बुरशीला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. ओढताना त्यांचंच कवच सोलून निघण्याची भीती जास्त. कोरड्या कापसाच्या काडीने बुरशी टिपली आणि झाकण रोज मिनिटभर उघडं ठेवायला सुरुवात केली. अंडं फुटून पाझरायला लागलं असतं, तर मात्र धारदार ब्लेडने तेवढंच कापून काढावं लागलं असतं.

डब्याचं एकूण वजन पहिल्या दिवसापेक्षा ११ ग्रॅमने कमी. अंडी माध्यमातलं पाणी शोषतात ते डब्यातच राहतं, म्हणून घटलेलं वजन म्हणजे बाहेर उडालेलं पाणी. तेवढंच ११ ग्रॅम, इन्क्युबेटरच्या तापमानाचं, डब्याच्या कडेने सोडलं. अंड्यांवर थेंबही पडू द्यायचा नाही.

दिवस २४

७ नंबर गेलं. गेल्या आठवड्यात शिरा ठसठशीत होत्या. आज कडा विस्कटलेल्या, लाल रंग तपकिरी, एका जागी गोठल्यासारखी कड. बाकीच्यांत टॉर्च लागताच काळी सावली वळवळते, यात काहीच नाही. एवढ्यावर निकाल देऊ नये, कारण गर्भ कधीकधी स्वस्थ पडून असतो. तीन दिवसांनी पुन्हा पाहिलं: शिरा पूर्ण पुसलेल्या, अंडं खाली बसलेलं, किंचित आंबूस वास. वांझ अंड्यात शिरा कधी दिसतच नाहीत. मेलेल्यात दिसून मग विरतात. हा फरक वहीत लिहिलेला असला तर पुढच्या वर्षी नेमकं काय तपासायचं ते कळतं: नराला, की इन्क्युबेटरला.

दिवस ३८

अंडी फुगलीत, निम्म्याहून जास्त भाग काळा. शिरा आता कडेलाच दिसतात. यापुढे कॅन्डलिंगमध्ये फारसं कळत नाही, उगाच डबा उघडू नये.

दिवस ५३

सगळ्या अंड्यांना खळगे. असाच खळगा दहाव्या दिवशी जिवंत अंड्याला पडला असता तर माध्यम कोरडं म्हणून पाणी वाढवलं असतं. आता नाही. शेवटच्या एक-दोन आठवड्यांत अंडी खचतातच. इथे पाणी ओतणं म्हणजे तयार पिल्लाला ओल्या कवचात कोंडणं.

दिवस ६१

सकाळी चार अंड्यांना चिरा, रात्रीपर्यंत सात. पिल्लं नाक बाहेर काढून तशीच बसतात, कधी पूर्ण दिवस. बलक आत ओढून घ्यायचा असतो, त्यामुळे ओढून काढू नये.

दिवस ६४

नऊ बाहेर. १२ अजून बंद. अंडं कापावं का, यावर मतं टोकाची आहेत. भावंडं बाहेर येऊन दोन दिवस होईपर्यंत हात लावू नये, हे आमचं मत. मग टॉर्च धरून जाड शिरा नसलेली जागा माथ्यावर शोधली आणि टोकदार छोट्या कात्रीने कवचाला फक्त १ सेंटिमीटरची चीर दिली. रक्त आलं नाही. आत मुंडकं हललं, जीभ एकदा बाहेर आली. डबा पुन्हा बंद.

दिवस ६६

१२ बाहेर. बेंबीची खूण मिटलेली, वजन ५.४ ग्रॅम, दहा पिल्लांत सर्वांत कमी. ओल्या टिश्यूवर वेगळं ठेवलंय, पहिली कात टाकेपर्यंत.