बघतो आणि येतो

"गणपतीक येतलंस मा?"

आषाढात कधीतरी आईचा हा फोन येतो. तिच्या मागे कौलांवर पडणारा पाऊस मला इकडे डोंबिवलीत ऐकू येत असतो. आणि दरवर्षी मी एकच उत्तर देतो, "बघतंय."

"बघतो" हा शब्द मला फार सोयीचा वाटत आला आहे. नकार दिल्याचं पाप लागत नाही आणि होकाराचं ओझंही पडत नाही. साहेब रजेच्या अर्जावर "बघतो" म्हणतात, नगरसेवक गटाराबद्दल "बघतो" म्हणतात, भाचा नोकरीच्या चौकशीला "बघतो ना मामा" म्हणतो. कोणीच काही बघत नसतं. या घराण्यातला एकच शब्द खरा. "तुला बघून घेईन!" असं म्हणणारा माणूस मात्र मनापासून बघणार असतो. म्हणजे मराठीत "बघणे" या क्रियापदातून ठाम वचन द्यायचं असेल तर ती धमकीच असावी लागते.

तर मी "बघतंय" म्हणतो आणि फोन ठेवतो. माझ्यापुरता विषय तिथे संपतो. तिकडे काय सुरू होतं ते मला बरीच वर्षं माहीत नव्हतं.

ते कळलं शेजारच्या काकीकडून. एका वर्षी मी गणपतीला जाऊ शकलो नाही, दिवाळीत गेलो. काकी सहज बोलता बोलता म्हणाली, "तुझ्या आवशीन् तुझी गादी तीनदा उन्हात घातलेली हां." कोकणात श्रावणात गादी उन्हात घालणं म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यालाच कळेल. ऊन येतं ते दहा-पंधरा मिनिटांपुरतं, तेही उपकार केल्यासारखं. कापसाची जुनी गादी, दमट हवेने अर्धा मण जड झालेली. ती माळ्यावरून ओढत काढायची, खळ्यातल्या दगडी कट्ट्यावर पसरायची आणि आभाळाकडे डोळा ठेवून बसायचं. समोरच्या डोंगरावर सर दिसली की पुन्हा गुंडाळून पडवीत. सत्तरीतल्या बाईने हे तीनदा केलं, कशाच्या जोरावर? मी "बघतंय" म्हणालो होतो, त्याच्या.

"पण मी येतो म्हटलंच नव्हतं," मी काकीला म्हणालो. म्हणताना वाटलं की हे वाक्य व्याकरणदृष्ट्या बरोबर आहे आणि त्यापलीकडे त्यात काही बरोबर नाही.

व्याकरणाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. मराठीत आपण "मला आशा आहे" म्हणतो, "मी आशा आहे" म्हणत नाही. भूक मला लागते, तहान मला लागते, ठेच मला लागते, तशी आशाही मला लागते. मी तिचा कर्ता नव्हे, ती जिथे येऊन आदळते ते ठिकाण. वचनाचं तसं नाही. "मी वचन देतो", "मी वचन देते". इथे मी खणखणीत कर्ता, क्रियापद माझ्यामागे चालतं. पण हेच भूतकाळात सांगून पाहा, "मी वचन दिलं". पुरुष म्हणो वा बाई, "दिलं"च. एकदा देऊन झालं की क्रियापद माझं ऐकत नाही, वचनाचं ऐकतं. "मी शब्द दिला" म्हटलं तरी तेच, तो "दिला" शब्दाचा. ज्याने कोणी ही भाषा घडवली, त्याला दिलेल्या शब्दाचा अनुभव असणार.

शेवटही दोघांचे वेगळे होतात. वचन मोडतं तेव्हा कोणीतरी ते मोडलेलं असतं, त्याचं नाव सांगता येतं. आशा मात्र मावळते. सूर्यासारखी, आपोआप. तिथे पोलिसांत जायला जागा नाही. फार तर शेजारीण म्हणते, "कशाला त्या माउलीला आशा लावलीस?" हा "लावलीस" तेवढा बोट दाखवतो.

आशा आणि वचन यांच्यामधल्या गल्ल्या मला शिकवल्या त्या रेल्वेच्या आरक्षणाने. इतकी प्रामाणिक वर्गवारी मी दुसरीकडे पाहिली नाही. कन्फर्म म्हणजे वचन, डब्यासकट, बर्थच्या नंबरासकट. आरएसी म्हणजे अर्धं वचन. गाडीत चढा, बसायला जागा देतो, झोपायचं नंतर पाहू. साइड लोअरच्या बर्थवर मग दोन अनोळखी माणसं समोरासमोर पाय आखडून रात्र काढतात आणि टीसी येताना दिसला की दोघंही ताठ बसतात. कोणाला तरी पूर्ण बर्थ मिळावा अशी दोघांची आशा असते, पण तो "कोणाला तरी" म्हणजे कोण, याबद्दल एकमत नसतं. आणि वेटिंग म्हणजे निव्वळ आशा, मात्र नंबर घातलेली आणि पैसे भरून घेतलेली. त्याच्याही पुढे "रिग्रेट". म्हणजे आता आशाही मिळणार नाही, खिडकी बंद.

पूर्वी आरक्षण एकशे वीस दिवस आधी उघडायचं. नोव्हेंबर २०२४ पासून ते साठ दिवसांवर आलं. म्हणजे आशा धरायची मुदत चार महिन्यांवरून दोन महिन्यांवर आली. माझ्या मते हे प्रकृतीला चांगलं. गणपतीच्या तिकिटांसाठी त्या दिवशी सकाळी आठला आम्ही चाकरमानी मोबाइल हातात घेऊन असे बसतो की घरातल्यांनी चहासुद्धा विचारू नये. आठ वाजून दोन मिनिटांनी निम्मी मुंबई वेटिंगवर असते. मग पुढचे साठ दिवस कट्ट्यावर, लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत एकच विषय. कितवा आहे? किती उतरला? शेवटी चार्ट लागतो. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्टनंतरही वेटिंगवरच राहिलं तर ते आपसूक रद्द होतं आणि पैसे परत येतात. गादीचे तीन हेलपाटे परत येण्याची सोय अजून निघालेली नाही.

रेल्वे निदान लिहून देते. आमचा शिंपी तोंडीसुद्धा काही देत नाही. बायकोच्या भाचीच्या लग्नाआधीची गोष्ट. पावती फाडली, कापडाचा एक तुकडा तिला स्टेपल केला, पेन्सिल कानामागे ठेवली आणि म्हणाला, "गुरुवारी या." गुरुवारी गेलो. शर्ट नव्हता. मी चिडलो. तो शांतपणे म्हणाला, "या म्हटलं होतं, आलात ना? शनिवारी या." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "गुरुवारी देतो" असं तो कधीच म्हणालेला नव्हता. "या" हे आज्ञार्थी क्रियापद, त्याचा कर्ता मी. वचन असलंच तर ते माझ्यावर होतं आणि ते मी इमानेइतबारे पाळलं होतं. शर्ट लग्नाच्या आदल्या रात्री मिळाला. एक बटण कमी होतं.

चिडून मी घरी येऊन पाकीट काढलं आणि नोट वाचायला बसलो. (माणूस फार चिडला की हाताला लागेल ते वाचतो.) शंभराच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर धारकाला शंभर रुपये अदा करण्याचं वचन देतात, हिंदीत आणि इंग्रजीत, खाली सही करून. मागच्या बाजूला पंधरा भाषांची जी पट्टी असते तिच्यात मराठी आहे, पण तिथे नुसतं "शंभर रुपये". म्हणजे आम्हाला मराठीत फक्त रक्कम कळवलेली आहे. एक रुपयाच्या नोटेवर तर हे वचन मुळीच नसतं, कारण ती रिझर्व्ह बँकेची नव्हे, भारत सरकारची नोट, आणि तिच्यावर सही वित्त सचिवांची. एक रुपया कोणाचं देणं नाही, तो स्वतःच रुपया आहे. मला हे आवडलं. सगळ्यात लहान नोट, पण कोणाच्या शब्दावर जगत नाही.

कायदा वचनाकडे कसा बघतो तेही मी एकदा एका वकील मित्राकडून समजून घेतलं. १८७२ च्या करार कायद्यानुसार समोरच्याने प्रस्ताव स्वीकारला की त्याचं वचन होतं. इथवर ठीक. पण मोबदला नसलेला करार साधारणपणे निरर्थक, आणि त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे जवळच्या नात्यातल्या माणसांनी नैसर्गिक प्रेमापोटी केलेला करार. मी खूश झालो. मित्र म्हणाला, "थांब. तो लेखी हवा आणि त्याची नोंदणी व्हायला हवी." म्हणजे गणपतीला येतो असं आईला सांगायचं तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन, अंगठा उठवून.

आश्वासन हा शब्द या सगळ्यात उगाच बदनाम झाला. मुळात तो श्वासाचा शब्द. आश्वासन देणं म्हणजे धीर देणं, घाबऱ्या झालेल्या माणसाला दम घेऊ देणं. विश्वास हा शब्दही त्याच धातूचा. आज आश्वासन म्हटलं की निवडणूक आठवते. आपल्या विधिमंडळात आश्वासन समिती नावाची एक समिती आहे. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासनं पुरी झाली की नाही हे तपासणं हे तिचं काम. अशी समिती नेमावी लागते यातच काय ते आलं. घरोघरीही ती असतेच म्हणा. आमच्या घरच्या समितीच्या अध्यक्षांनी माझी सगळी आश्वासनं तारखेसकट लक्षात ठेवली आहेत. अहवाल मात्र त्या कधी मांडत नाहीत, आणि तेच जास्त अवघड जातं.

वडील या बाबतीत रोखठोक होते. आशा वगैरे शब्द त्यांच्या तोंडी नसायचे. गाभण म्हशीकडे बोट दाखवून मी लहानपणी विचारलं होतं, "रेडी होईल ना बाबा?" रेडी झाली तर पुढे दूध, टोणगा झाला तर नुसता खाणारा. ते म्हणाले होते, "म्हशीन् काय लिवन् दिलेला नाय." भरवशाच्या म्हशीला टोणगा ही म्हण मी शाळेत शिकलो ती नंतर. आणि तेव्हाही मला प्रश्न पडला होता की यात म्हशीचा काय दोष? भरवसा ठेवणारा गोठ्याबाहेर उभा. म्हस बिचारी रवंथ करत होती, तिने ना वचन दिलं होतं, ना "बघतंय" म्हटलं होतं. म्हणीत नाव तिचं लागलं.

माझं तसं म्हणता येत नाही. मी बोललो होतो. "बघतंय" हा शब्द तोंडातून निघाला तेव्हा त्याचं वजन काय आहे हे मला नीट ठाऊक होतं: काही नाही. आणि आईच्या कानात शिरताना त्याचं काय होणार हेही, खरं सांगायचं तर, थोडंफार ठाऊक होतं. तिच्याकडे हा शब्द नेहमी एक पायरी वर चढूनच पोचतो. मी वेटिंग देतो, ती आरएसी ऐकते.

संस्कृतात आशा म्हणजे दिशा असाही अर्थ आहे. आईची आशा कुठल्या दिशेला तोंड करून बसते ते मला पाठ आहे. पडवीच्या पूर्वेच्या खांबाला टेकून, खळं ओलांडून, पाणंद जिथे वळते तिकडे. एसटीचा हॉर्न वळणाच्या अलीकडे ऐकू येतो आणि माणूस दिसायला त्यानंतर सात-आठ मिनिटं लागतात. ती सात-आठ मिनिटं ती उठत नाही. उठून कोणी आलं नाही असं होऊ नये म्हणून असेल.

निघताना मात्र आपल्याकडे वेगळाच रिवाज. लहानपणी मी एकदा "जातंय" म्हणून पिशवी उचलली तर आजीने मला परत बोलावून पाटावर बसवलं, हातावर साखर ठेवली आणि म्हणाली, "जातंय म्हणू नये. येतंय म्हणाचा." जाणारा माणूस "येतो" म्हणतो. दुकानातून निघताना, मयताच्या घरून निघताना नव्हे, पण बाकी सगळीकडून. कधी येणार ते कोणी विचारत नाही. विचारलं तर तो शब्द लगेच कोलमडेल हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. मी मुंबईला निघतो तेव्हा आई दहीसाखर देते, मी "येतंय गे" म्हणतो, ती "ये" म्हणते. आणि मग पाणंदीच्या वळणापर्यंत मला मागे वळून बघायचं नसतं.

यंदाही आरक्षण उघडलं त्या सकाळी आठ वाजता बसलो. आठ वाजून चार मिनिटांनी हाती लागलं ते वेटिंग अडतीस. या वेळी ठरवलं होतं की "बघतंय" म्हणायचं नाही, जे आहे ते सरळ सांगायचं. फोन केला.

"वेटिंग आसा गे."

"कितवा?"

आई आता हे विचारते. ही भाषा तिने कधी शिकून घेतली कोण जाणे.

"अडतीस."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. पावसाचा आवाजही नव्हता, ते माझ्या उशिरा लक्षात आलं.

"होतला," ती म्हणाली. मग घाईने, "ठेव आता फोन. जरा ऊन पडलाहा."