दोन ओळींसाठी तीन आठवडे

बेळगावातल्या काकांच्या कुंद्याच्या, म्हणजे आटवलेल्या दुधाच्या मिठाईच्या, दुकानाची वेबसाइट एका रविवारात उभी राहिली. गाडी अडली ती गूगलच्या शोधात दुकानाच्या नावाखाली दिसतात त्या दोन ओळींवर.

पहिली चूक माझीच. एका एजन्सीला पैसे दिले. त्यांनी ४० कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाइप करतील असे शब्द, कोडमधल्या एका टॅगमध्ये कोंबले आणि 'महिन्यात पहिल्या पानावर' असं छातीठोक सांगितलं. कीवर्डचा तो टॅग क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. मला कळलं बिल भरल्यावर. वर त्यांची ओळ काय, तर 'गेली अनेक वर्षे ग्राहकांच्या सेवेत तत्पर, दर्जा व विश्वासाची परंपरा जपणारे...' फोनवर ती तिथेच तुटायची. कुंदा तीन टिंबांच्या पलीकडे!

मग स्वतः बसलो. १५५ अक्षरांत बसवा, असं कुठंतरी वाचलेलं. 'कुंदा' म्हणजे आपली दोन अक्षरं, मोजणाऱ्या यंत्राची पाच. काना, उकार, अनुस्वार सगळे सुटे धरतं. एक अख्खी संध्याकाळ त्या मोजणीत घालवली. नंतर समजलं, ओळ तुटते ती स्क्रीनच्या रुंदीवर. तेव्हा मोजत बसू नका, फोनवर शोधून बघा.

आणि मग गावाचं नाव. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी. हुबळी-बंगळूरचं गिऱ्हाईक तेच टाइप करणार, असं मी म्हटलं. काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "लिही की तुला काय लिहायचं ते. खरं माझ्या कुंद्याच्या आधी बेळगावच येणार." दोन दिवस आमचं बोलणं फक्त दुधाच्या हिशेबापुरतं. दोन्ही नावं एका ओळीत घातली, तर ते निवडणुकीचं पत्रक वाटायला लागलं. शेवटी गूगलचं सर्च कन्सोल हे साधन उघडलं. लोक काय टाइप करून आपल्यापर्यंत येतात ते तिथं दिसतं, फुकट. (हे पहिल्याच दिवशी जोडा. मी पंधरा दिवस उशीर केला.) बहुतेक माणसं 'बेळगाव' लिहून येत होती, निम्मी इंग्रजी अक्षरांत. मग मथळ्यात बेळगाव, पत्त्यात बेळगावी. काका जिंकले, असं त्यांना वाटतंय. वाटू दे.

तरी ओळ काही जमेना. एका दुपारी गल्ल्यामागे बसून काकांचं फोनवरचं बोलणं ऐकत होतो. "फ्रिजात ठेवा, आठवडा जातोय." "व्हय, पाठवतो की, रात्रीच्या बसनं." दिवसभर तेच दोन प्रश्न, तीच दोन उत्तरं. परंपरा कुणीच विचारली नाही. पार्सलच्या पुठ्ठ्यावरच लिहून काढलं: 'बेळगावचा कुंदा, रोज सकाळी ताजा आटवलेला. फ्रिजात आठवडाभर टिकतो. पुण्या-मुंबईला रात्रीच्या बसने पार्सल.' दहा मिनिटांत झालं. राग आला तो याचाच.

एक सांगायचं राहिलं. ही ओळ दिली म्हणजे तीच दिसेल असं नाही. पानावरचं दुसरं वाक्यही उचललं जातं. म्हणून तेच शब्द पानावर अगदी वर घाला. या ओळीने क्रमांकही वर जात नाही, यादीत दिसल्यावर माणूस बोट लावतो की नाही, एवढंच तिचं काम. आणि बदल केल्यावर सर्च कन्सोलमधून गूगलला पान पुन्हा तपासायची विनंती एकदाच करा. मी रोज सकाळी दात घासायच्या आधी तेच बटण दाबत होतो. जुनी ओळ अकरा दिवस हलली नाही.

आता काका म्हणतात, बसची वेळ पण घाल. घातली की फोनवर मुंबई तुटते.