जनसुरक्षा विधेयकावर हरकत नोंदवताना : माझा अनुभव

सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यातल्या एका गावी मी सार्वजनिक वाचनालयाची कार्यवाह आहे. २०२५च्या मार्च महिन्यात एका संध्याकाळी आमच्या गावच्या अंगणवाडी सेविका वर्तमानपत्रातील जनसुरक्षा विधेयकाची एक बातमी दाखवत मला म्हणाल्या, "बाई, ह्या कायद्यानं आमचा मोर्चा बंद हुईल का?" २०२३च्या डिसेंबरात सुरू झालेल्या राज्यव्यापी संपात त्या सहभागी होत्या, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या जिव्हाळ्याचा होता. मी विधेयक वाचलेले नव्हते. वाचून सांगते असे मी त्यांना म्हणाले, आणि तेथून पुढे चार महिने मी या कामात गुंतून गेले.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक प्रथम जुलै २०२४ मध्ये विधानसभेत मांडले गेले होते. डिसेंबरमध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ते पुन्हा आले आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त चिकित्सा समितीकडे सोपवण्यात आले. समितीच्या अध्यक्षपदी महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे होते. समितीने नागरिकांकडून १ एप्रिलपर्यंत हरकती व सूचना मागवल्या होत्या. शहरी भागातील माओवादी संघटनांचा बंदोबस्त हा सरकारचा सांगितलेला हेतू होता, आणि छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र प्रदेश व ओडिशा या राज्यांनी असे कायदे करून ४८ संघटनांवर बंदी घातल्याचा दाखला विधेयकाच्या उद्देश व कारणांच्या निवेदनात होता. गडचिरोलीत सुरुंगस्फोटात ज्या घरांतील माणसे गेली, त्यांच्या दृष्टीने हा हेतू खरा आणि निकडीचा आहे, हे मी हरकतीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिले होते आणि आजही मला तसेच वाटते.

माझी अडचण होती ती विधेयकाच्या खंड २ (म्हणजे कलम २) मधील 'बेकायदेशीर कृत्य' या व्याख्येपाशी. हिंसा, शस्त्रे, स्फोटके, दळणवळण विस्कळीत करणे यांच्या बरोबरीनेच त्या व्याख्येत सार्वजनिक सुव्यवस्थेत हस्तक्षेप करण्याकडे कल असलेले कृत्य आणि प्रस्थापित कायद्याच्या अवज्ञेस प्रोत्साहन देणे किंवा तिचा प्रचार करणे, असे प्रकारही होते. या शेवटच्या ओळीवर मी बराच वेळ थांबले. आमच्याच तालुक्यात, बिळाशी येथे, १९३० साली लोकांनी जंगल कायदा उघडपणे मोडला. त्याच वर्षी शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रही मीठ उचलत होते. आम्ही दरवर्षी ज्यांचे स्मरण करतो, त्यांनी लोकांना कायद्याची अवज्ञाच करायला सांगितले होते, आणि तीही हातात शस्त्र न घेता. ते राज्य परके होते हे खरे. तरीही सुरुंग पेरणारा आणि जमावबंदी मोडून रस्त्यावर बसणारा या दोघांना एकाच व्याख्येत कसे बसवता येईल, हे मला उमगेना.

पहिला मसुदा मी चार पाने लिहिला. तालुक्याच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या माझ्या मामेभावाने तो वाचला आणि शांतपणे बाजूला ठेवला. तो म्हणाला, "ताई, हे भाषण झालं. समितीला खंड क्रमांक लागतो, आत्ताचे शब्द लागतात, त्याजागी कोणते शब्द हवेत ते लागतं आणि मग कारण." हा सल्ला फार मोलाचा ठरला, कारण पर्यायी शब्द सुचवायला बसल्यावरच आपल्याला नेमके काय हवे आहे हे कळते. खंड २ मध्ये मी 'अवज्ञा' या शब्दाआधी 'हिंसेच्या मार्गाने' हे शब्द घालण्याची, आणि शांततामय, निःशस्त्र सभा, मोर्चा, उपोषण किंवा संप एवढ्याच कारणाने बेकायदेशीर कृत्य ठरणार नाही असे परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारे वाक्य, जोडण्याची सूचना केली. कारणांमध्ये संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ख)चा हवाला दिला. समाजवादी नेते राम मनोहर लोहिया यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी मांडलेली तीन वर्तुळांची कल्पनाही भावानेच दाखवली : सर्वांत बाहेरचे कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे आणि अगदी आत राज्याच्या सुरक्षिततेचे. रस्त्यावर झालेली प्रत्येक गैरसोय आतल्या वर्तुळापर्यंत पोहोचत नाही, हे माझ्या मनात असलेले म्हणणे मला त्यात तयार सापडले.

दुसरी सूचना संघटना बेकायदेशीर ठरवण्याच्या रीतीबद्दल होती. सरकार अधिसूचना काढणार, ती तीन जणांच्या सल्लागार मंडळापुढे जाणार. पण लोकहिताला बाधक वाटणारी वस्तुस्थिती उघड न करण्याची मुभा सरकारलाच राहणार. ज्या संघटनेवर आरोप आहे तिला तो पुरता कळलाच नाही, तर ती उत्तर कशाचे देणार, एवढेच मी विचारले. अखेर दोन पाने झाली. ती २४ मार्चला मी विधान भवनाच्या पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पाठवली आणि पोचपावती परत येईपर्यंत रोज पोस्टमनची वाट पाहिली.

समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना आल्याचे पुढे जाहीर झाले. अहवालात तीन ठळक बदल होते. विधेयकाचा हेतू सांगणाऱ्या दीर्घ शीर्षकातून 'व्यक्ती' गेली आणि कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना असा उल्लेख आला. सल्लागार मंडळाची रचना बदलली. तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. हे बदल चांगले आहेत. मात्र 'अवज्ञा' जिथे होती तिथेच राहिली. शीर्षक कायद्याचा रोख दाखवते. खटला चालतो तो व्याख्येतील शब्दांवर. शिवाय 'तत्सम' या शब्दाला कोणतीही सीमारेषा आखलेली नाही.

१० जुलैला, गुरुपौर्णिमेच्या दिवशी, वाचनालयाच्या संगणकावर मी विधानसभेचे थेट प्रक्षेपण लावले. विधेयक मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मांडले. आंदोलनाचा हक्क कोणाचाही हिरावला जाणार नाही आणि संघटनेवर बंदी आल्याशिवाय केवळ व्यक्तीवर कारवाई होणार नाही, हा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनी विरोध नोंदवला. विधेयक आवाजी मतदानाने संमत झाले आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेनेही ते मंजूर केले. ज्या कायद्यात सात वर्षांपर्यंत कारावास, पाच लाखांपर्यंत दंड आणि अजामीनपात्र गुन्हे आहेत, त्याच्या व्याख्येवर सभागृहाने शब्दन्‌शब्द घासून घेत आणखी वेळ दिला असता, तर मला समाधान वाटले असते. मुख्यमंत्र्यांचे आश्वासन मी खोटे मानत नाही. पण ते कायद्याच्या मजकुरात परंतुक म्हणून उतरले असते, तर उद्याच्या अधिकाऱ्याला आणि न्यायाधीशाला ते पुस्तकात वाचता आले असते.

अंगणवाडीच्या ताई पुढच्या आठवड्यात आल्या. त्यांची संघटना बेकायदेशीर ठरवली गेल्याशिवाय या कायद्याखाली त्यांच्यावर गुन्हा लागणार नाही, असे मी त्यांना खंड दाखवून सांगितले. त्यांनी विचारले, "आणि तसं ठरवणार कोण?" मी अधिसूचनेचा खंड उघडला, 'राज्य शासन' या शब्दांवर बोट ठेवले आणि सल्लागार मंडळाचा पुढचा खंड त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी त्या दोन खंडांच्या पानांची छायाप्रत मागितली. ती त्यांना दिली आणि विधेयकाची मूळ प्रत, माझी हरकत व टपालाची पोचपावती एकत्र टाचून संदर्भ विभागात नोंद करून ठेवली.