सरोवराला पारखे झालेले गॅरी

शिकागोहून पूर्वेकडे इंडियानात शिरलो की टोल रस्त्याच्या डाव्या हाताला पोलाद कारखान्याची धुराडी सुरू होतात आणि उजव्या हाताला गॅरी शहर पसरलेले दिसते. मिशिगन सरोवर या धुराड्यांच्या पलीकडेच आहे, पण ते दिसत नाही. या वाटेने मी कितीतरी वर्षे ये-जा करतो आहे, आणि दर वेळी मनात येते की पाण्यासाठी वसवलेल्या या गावाला पाणी मात्र लाभले नाही.

१९०६ साली युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीने येथील रेतीच्या टेकड्या सपाट केल्या, ग्रँड कॅल्युमेट नदीचा प्रवाह बाजूला वळवला आणि कारखान्याबरोबरच एक शहर उभारून त्याला आपले अध्यक्ष एल्बर्ट गॅरी यांचे नाव दिले. जागेची निवड हिशेबी होती. लोखंड गाळणाऱ्या झोतभट्टीला लोहखनिज, कोक (कोळशापासून केलेले इंधन) आणि चुनखडी लागते. मिनेसोटातल्या मेसाबी पट्ट्यातले खनिज सुपीरियर सरोवरातून बोटीने निघून, सू येथील जलपाशांतून, म्हणजे बोटींना पाण्याच्या वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर नेणाऱ्या दारबंद कालव्यांतून, खाली उतरून थेट कारखान्याच्या धक्क्याला लागे; उत्तर मिशिगनमधली चुनखडीही पाण्यानेच येई; कोळसा अ‍ॅपलाचियन डोंगरातून आगगाडीने येई आणि शिकागोची बाजारपेठ तर हाकेच्या अंतरावर होती. आजही जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या अखेरपर्यंत हे जलपाश बंद असतात, त्यामुळे थंडीत लागणाऱ्या खनिजाची बेगमी आधीच करून ठेवावी लागते.

त्यासाठी सुमारे ११ किलोमीटरचा किनारा कारखान्याने घेतला. मुख्य रस्ता ब्रॉडवे कारखान्याच्या दारापासून निघून दक्षिणेकडे जातो, म्हणजे गावाची रचनाच सरोवराकडे पाठ करून झाली. कुशल कामगारांसाठी कंपनीने नेटकी घरे बांधली. पूर्व युरोपातून आलेले मजूर आणि कृष्णवर्णीय मात्र रेल्वेमार्गाच्या दक्षिणेला ‘पॅच’ नावाच्या वस्तीत दाटीवाटीने राहत. बारा तासांच्या पाळीला कंटाळलेल्या पोलाद कामगारांनी १९१९ मध्ये देशभर संप केला, तेव्हा गॅरीत लष्कर उतरले होते.

१९६० साली शहराची लोकसंख्या १,७८,३२० होती, ती २०२० मध्ये ६९,०९३ उरली. १९६७ मध्ये रिचर्ड हॅचर महापौर म्हणून निवडून आले. मोठ्या अमेरिकन शहराचे महापौरपद मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीयांपैकी ते एक. त्यांच्या काळात गोऱ्या कुटुंबांनी आणि दुकानदारांनी दक्षिणेच्या उपनगरांची वाट धरली, आणि त्याच सुमारास आयात पोलाद व नव्या यंत्रांमुळे नोकऱ्याही घटत गेल्या. पडझडीचे खापर हॅचर यांच्या माथी फोडले जाते, ते मला अन्यायाचे वाटते. भट्ट्या आजही धगधगतात, पोलाद निघते. फक्त त्यासाठी पूर्वीइतकी माणसे लागत नाहीत. २०२५ मध्ये कंपनी जपानच्या निप्पॉन स्टीलकडे गेली.

गावात १९२६ चे सिटी मेथडिस्ट चर्च आहे. त्याच्या उभारणीला कंपनीने पैसा दिला होता. १९७५ मध्ये ते बंद पडले. छप्पर कोसळलेल्या सभागृहात आता झाडे वाढली आहेत, आणि उंच कमानींमधून थेट आभाळ दिसते.

सरोवर पाहायचे तर पूर्वेला मिलर भागात जावे लागते. मागच्या उन्हाळ्यात आम्ही तिथल्या वाळूत बसलो होतो. मुले पाण्यात खेळत होती, किनाऱ्यावर गॅरीतली कुटुंबे डबे उघडून बसली होती, आणि पश्चिमेला, सूर्याच्या अगदी खाली, धुराड्यांची काळी रांग उभी होती.