चोक आत ढकलला की गाडी बंद

रत्नागिरीकडची मॉरिस मायनर १००० टो करून गॅरेजला आली. ९४८ सीसीचं इंजिन, एसयू कंपनीचा एच२ कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग), दहा-बारा वर्षं पडवीत उभी. तक्रार एकच: चोक ओढला की चालते, आत ढकलला की बंद.

अशा वेळी जो तो म्हणतो, जेट (पेट्रोल जिथून येतं ती नळी) बुजलंय. सोलेक्स या दुसऱ्या बनावटीच्या कार्बोरेटरमध्ये बारीक भोकांचे वेगवेगळे जेट असतात, ते जुन्या पेट्रोलच्या राळेनं खरंच बुजतात. एसयूमध्ये जेट एकच, भोक ०.०९० इंचाचं, म्हणजे जवळजवळ २.३ मिलिमीटर. ते सहसा बुजत नाही, आणि तार घातली तर खराब मात्र होतं.

टाकी आणि पाइप आधीच धुऊन घेतले होते, ठिणगी चांगली होती. कॉइलची बारीक वायर काढली (इंजिन बंद असताना किल्ली चालू राहिली तर कॉइल तापते, पॉइंट जळतात), किल्ली फिरवली आणि पंप ऐकत उभा राहिलो. एसयूचा विजेवरचा पंप फ्लोट चेंबर (कार्बोरेटरची पेट्रोलची छोटी टाकी) भरेपर्यंत टकटक करतो, मग गप्प बसतो. हा थांबून थांबून टक् करतच राहिला. ओव्हरफ्लोची नळी कोरडी, पण जेटच्या बुडाशी बोट लावलं तर ओलं. बरोबर खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्ड! अशी गळती असताना इंजिन चालवून बघायचं नाही.

एअर फिल्टर काढून कार्बोरेटरचा पिस्टन (इंजिनातला नव्हे; हा हवेच्या ओढीनं वर-खाली होतो आणि त्याच्या बुडाची निमुळती सुई जेटमध्ये उतरते) बोटानं उचलून सोडला. तो थोडा वरच अडकला. चोक ओढून जेट खाली घेतलं आणि पुन्हा सोडला, तर खट् आवाज करत ब्रिजवर, म्हणजे जेटभोवतीच्या सपाट भागावर, बसला. इथेच कोडं सुटलं. एच२ मध्ये जेटभोवती बुचाचे वायसर असतात. वर्षानुवर्षं कोरडे राहिले की आक्रसतात. कुणीतरी गळती थांबवायला जेटखालचा मोठा नट पान्यानं आवळला होता. गळती थांबली नाहीच, उलट जेट मध्यावरून सरकलं आणि सुई त्याच्या कडेला घासू लागली. पिस्टन वर अडकला की जेटवरून जाणाऱ्या हवेचा वेग पडतो, पेट्रोल कमी ओढलं जातं, मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. चोकनं जेट खाली गेलं की निमुळत्या सुईभोवती जागा वाढते, म्हणून तेवढ्यापुरती गाडी चालायची.

जेट उतरवलं. आतले दोन छोटे बुचाचे वायसर आणि बाहेरची मोठी रिंग नवी घातली. बूच आधी इंजिन ऑइलमध्ये भिजवून ठेवायचं, कोरडं घातलं तर चिरतं. स्प्रिंग आणि पितळी वायसर काढताना ओळीनं मांडून ठेवावेत. फ्लोट चेंबरच्या बोल्टात तपकिरी गाळ, तळाशी पांढरी भुकटी. सक्शन चेंबर (पिस्टनवरचं घुमटासारखं झाकण) आणि पिस्टन थिनरनं पुसले. पॉलिश पेपर अजिबात नको: ही जोडी एकमेकांच्या मापाची असते, घासली की कामातून गेली. फ्लोटचा काटा झाकण उलटं धरून ११ मिलिमीटरच्या सळईवर जुळवला.

खरं काम पुढे. जेट मध्यावर आणायला मोठा नट किंचित सैल केला, मिश्रणाचा नट पूर्ण वर नेऊन जेट वर दाबलं, सक्शन चेंबरच्या माथ्यावरच्या डॅम्परच्या भोकातून पेन्सिलीनं पिस्टन खाली दाबून धरला आणि नट हळूहळू आवळला. मग जेट वर ठेवून एकदा, खाली ओढून एकदा पिस्टन सोडायचा. दोन्ही वेळी खट् सारखाच वाजला पाहिजे. जरा बोदा वाटला तर नट सैल करून परत. इथे घाई करणाऱ्यानं एसयूला हात लावू नये.

डॅशपॉटमध्ये (पिस्टनची हालचाल संथ ठेवणाऱ्या तेलाच्या नळीत) एसएई २० ऑइल, मिश्रणाचा नट वरून दोन पूर्ण फेरे खाली. इंजिन गरम झाल्यावर बारीक स्क्रूड्रायव्हरनं पिस्टन साधारण ०.८ मिलिमीटर उचलला. इंजिनचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), इंजिन बंद पडायला लागलं तर लीन. षटकोनी नट एकेका बाजूइतकाच फिरवत गेलो, शेवटी आवाज क्षणभर चढून परत जागेवर आला. चोक पूर्ण आत.

मालकांना एवढंच सांगितलं की गाडी पुन्हा फार दिवस कोरडी ठेवू नका, बूच परत आक्रसेल. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर नेमानं चालवायची असेल, तर पुढच्या वेळी बुचाऐवजी व्हायटॉनच्या (पेट्रोलला टिकणाऱ्या कृत्रिम रबराच्या) रिंगा बसवू.