मार्शमॅलो स्प्रेड: हवा राखायची की जिरवायची?

मार्शमॅलो स्प्रेडची बरणी हौसेनं आणली जाते, दोनदा पावाला लावून खाल्ली जाते आणि मग कपाटात मागं मागं सरकत जाते. कारण एकच, आपण तिला जॅम समजतो. खरं तर तो पाक आहे. साखर, कॉर्न सिरप आणि अंड्याचा पांढरा बलक एकत्र फेटून त्यात ठासून हवा भरलेली असते. त्यामुळं वापरण्याआधी एवढंच ठरवायचं, की ही हवा राखायची आहे की मुद्दाम जिरवायची आहे. अर्धवट काही केलं की पदार्थ चिकट तरी होतो, नाहीतर पाणी सोडतो.

मोजायचं ते वजनावर. वाटीला अर्धं चिकटून राहतं आणि अंदाज चुकतो. चमच्याला तेलाचं बोट फिरवून घ्या. गोडाला गोड जोडू नका. कुंदा, करदंट अशा आपल्या बेळगावकडच्या मिठायांवर हे घालणं म्हणजे दोन्हींची माती. आंबट, खारट, कडू यांच्याशी मात्र याचं छान जमतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या सॉमरव्हिलमध्ये १९१७च्या सुमारास आर्चिबाल्ड क्वेरी यांनी हे घरी करून दारोदार विकायला सुरुवात केली. तिथं ते आजही पीनट बटरबरोबर पावात घालून खातात. आपण करताना बिनसाखरेचं, किंचित खारट पीनट बटर घ्यावं. ते दोन भाग, स्प्रेड एक भाग.

आपल्याकडं सर्वांत जास्त जुळतं ते रताळ्याशी, आणि बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांतून रताळी येतात ती काही थोडीथोडकी नसतात. अर्धा किलो रताळी सालीसकट वाफवा किंवा भाजा. पाण्यात उकडली तर पाणी पितात आणि वरचा थर घसरतो. सोलून गरम असतानाच कुस्करा. त्यात ३० ग्रॅम लोणी, अर्धा चमचा मीठ, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि भरडलेली मिरी घाला. साखर, गूळ काही नको. दोन सेंटीमीटर जाडीचा थर भांड्यात दाबून ओव्हनमध्ये १८० अंशांवर २० मिनिटं ठेवा. आता १२० ग्रॅम स्प्रेड चमच्याचमच्यानं वर टाका. पसरू नका, ते आपलं आपण पसरतं. मग फक्त वरची कॉइल चालू ठेवून २ ते ३ मिनिटं. या वेळात ओव्हनसमोरून हलायचं नाही, कारण सोनेरी आणि काळं यांत अर्ध्या मिनिटाचं अंतर असतं. स्प्रेड सुरुवातीपासूनच घातलं तर हवा निघून जाते, साखर खाली झिरपते आणि वर नुसता चिकट पापुद्रा उरतो. आणि हो, रताळं असलं तरी हे उपवासाला चालणार नाही, आत अंडं आहे.

हवा जिरवायची असेल तर चुरमुऱ्याच्या वड्या करा. १२० ग्रॅम चुरमुरे कढईत मंद आचेवर कुरकुरीत भाजा. पावसाळ्यात ही पायरी टाळली तर वड्या चामट होणारच. ४० ग्रॅम लोणी वितळवा, त्यात २०० ग्रॅम स्प्रेड घालून मंद आचेवर ३ ते ४ मिनिटं सतत ढवळा. बाजारातल्या मार्शमॅलोच्या गोळ्यांत जिलेटिन असतं, म्हणून त्या नुसत्या वितळवल्या तरी वडी धरते. स्प्रेडमध्ये जिलेटिन नसतं. पाणी थोडं आटवलं नाही तर वडी हातात वाकते. चिमूटभर मीठ, मूठभर भाजलेले शेंगदाणे, मग चुरमुरे. तेल लावलेल्या ताटात ओल्या हातानं हलकेच थापा. जोरात दाबलं तर दगड होतो.

फजमध्ये, म्हणजे चॉकलेटच्या मऊ वडीत, स्प्रेड वेगळंच काम करतं. कुंदा रवाळ असतो, ती त्याची खासियत. फज मात्र जिभेवर गुळगुळीत लागला पाहिजे, आणि स्प्रेडमधलं सिरप साखरेला मोठे खडे धरू देत नाही. ३०० ग्रॅम साखर, ८५ ग्रॅम लोणी आणि ८० मिलिलिटर घट्ट आटवलेलं दूध (कंडेन्स्ड मिल्क नको, ते आधीच गोड असतं) जाड बुडाच्या पातेल्यात उकळा. गोळीबंद पाक झाला की उतरवून १७० ग्रॅम कडवट चॉकलेट आणि १०० ग्रॅम स्प्रेड झपाट्यानं मिसळा. तूप लावलेल्या ताटात ओता आणि थंड होईपर्यंत हात लावू नका.

थर्मामीटर वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, पाणी इथं साधारण ९७.५ अंशांवरच उकळतं. परदेशी पाककृतीत ११४ अंश म्हटलं असेल तर आपल्याकडं १११ ते ११२वर थांबायचं. नाहीतर पाक पुढं जातो, फज कोरडा पडून भुगा होतो. आधी उकळत्या पाण्यात थर्मामीटर बुडवून बघा, १००पेक्षा किती कमी दाखवतो तेवढे अंश पाककृतीतल्या आकड्यातून वजा करा. थर्मामीटर नसेल तर वाटीभर गार पाण्यात थेंब टाका. मऊ गोळी वळली, की झालं.

चक्क्याबरोबरचा प्रकार सर्वांत सोपा. रात्रभर टांगलेला २५० ग्रॅम चक्का आणि १०० ग्रॅम स्प्रेड उलथण्यानं वरखाली करून मिसळा, यंत्रानं नको. चक्का ओला असेल तर साखर त्यातलं पाणी ओढून घेते आणि तासाभरात तळाशी पाणी दिसतं. हे केळी, चिकू, अननसाबरोबर वाढा. वेलदोडा घातला तर बिघडत नाही, पण मग ते श्रीखंडाच्या वाटेनं जातं.

बरणी नाही मिळाली तर घरीही होतं. २ अंड्यांचा पांढरा बलक आणि पाव चमचा लिंबाचा रस फेटून फेसाला मऊ, टोक वाकणारी शिखरं येऊ द्या. १५० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज (बेकरीचं सामान मिळतं तिथं मागा) आणि ६० मिलिलिटर पाणी उकळून आपल्याकडच्या हिशोबानं ११५ अंशांवर आणा. फेटणं चालू ठेवून, यंत्राची पाती आणि भांड्याची कड यांच्या मधोमध बारीक धारेनं पाक ओता. पात्यांवर पडला तर कडेला उडून तिथंच कडक होतो. भांडं कोमट होईपर्यंत ७ ते ८ मिनिटं फेटा. भांड्याला तुपाचा ओशटपणा किंवा पिवळ्या बलकाचा ठिपका राहिला, तर कितीही फेटा, फुगणार नाही. गूळ वापरायचा मोह आवरा, त्यातली मळी पाकाला फेस आणते आणि तळ लवकर करपतो.

अंडं न खाणाऱ्यांनी काबुली चणे शिजवलेलं बिनमिठाचं पाणी आटवून, गार करून ८० मिलिलिटर घ्यावं. ते फुगायला दहाएक मिनिटं लागतात, धीर धरावा. घरचं स्प्रेड फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा. विकतच्या बरणीत ओला चमचा घालू नका आणि पावसाळ्यात झाकण घट्ट लावा, मुंग्यांना ते आपल्याआधी सापडतं.