एसी १६ वर ठेवला की खोली लवकर थंड होते का?

मेंटल मॉडेल, म्हणजे एखादी गोष्ट कशी चालते याचं मनातलं चित्र, हा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर.

इन्व्हर्टर नसलेल्या एसीपुरतं उत्तर ‘नाही’ असं आहे. त्याचा कॉम्प्रेसर (थंडावा तयार करणारा पंप) एक तर चालू असतो, नाहीतर बंद. खोलीत ३४ अंश असताना २४ लावा की १६, तो सारख्याच जोराने चालणार. थांबायचं कधी, एवढंच तो आकडा ठरवतो. इन्व्हर्टरवाला मात्र २४ जवळ आले की वेग कमी करतो आणि १६ लावलेला असेल तर करत नाही. म्हणजे शेवटच्या एक-दोन अंशांपुरतं ‘१६ वर लवकर थंड होते’ हे थोडंफार खरं.

पण हा प्रश्न पडतोच का? कारण मनात एसी म्हणजे नळ असतो: जास्त फिरवला की धार मोठी. शेगडी, पंख्याचा रेग्युलेटर तसेच तर चालतात. तेव्हा हे चित्र खुळचट नाही, फक्त भलत्या यंत्राला लावलेलं आहे. संशोधक विलेट केम्प्टन यांनी १९८६ साली घरातल्या हीटरच्या थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे तापमान ठरवणाऱ्या कळीबद्दल, लोकांच्या कल्पना तपासल्या, तेव्हा त्यांनाही हा ‘नळ’ सापडला होता.

असं चित्र वर्षानुवर्षं टिकतं, कारण ते खोटं पडायची वेळच येत नाही. १६ लावला, वीस मिनिटांत गार वाटलं, झालं सिद्ध! २४ लावून किती वेळ लागला असता हे कोण मोजतंय? मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये लोकांना २, ४, ६ हे आकडे देऊन त्यामागचा नियम ओळखायला सांगितलं. आपण त्रिकूट सुचवायचं, नियमात बसतं की नाही ते समोरचा सांगणार. बहुतेकांनी ८, १०, १२ अशी स्वतःच्या अंदाजाला धरूनच त्रिकुटं दिली. नियम होता फक्त ‘चढता क्रम’. चुकीचं उत्तर न देता तिथवर पोहोचले २९ पैकी ६ जण. अंदाज मोडेल असं, ३, ७, ५० सारखं त्रिकूट देऊन पाहिलं असतं तर लगेच कळलं असतं.

एसीत फार तर वीजबिल वाढतं. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात चुकीचं चित्र न सोडण्याच्या याच खोडीमुळेही अणुभट्टीचा गाभा काही प्रमाणात वितळला. दाब सोडणारी झडप उघडी अडकून पाणी बाहेर जात होतं, पण पॅनेलवरचा तिचा दिवा विझला होता. तो दिवा ‘बंद हो’ हा आदेश गेला एवढंच दाखवायचा, झडप खरोखर मिटली का ते नाही. प्रेशरायझरमधली, म्हणजे अणुभट्टीतल्या पाण्याचा दाब सांभाळणाऱ्या टाकीतली, पातळी चढताना दिसली, तेव्हा आत पाणी जास्त झालं असं धरून चालकांनी आपत्कालीन पाणी कमी केलं. प्रेशरायझर काठोकाठ भरू द्यायचा नाही, हे त्यांना शिकवलेलंच होतं. झडपेपुढच्या नळीचं तापमान चढलेलं होतं, म्हणजे पुरावा समोर होता. पण ती झडप आधीपासून थोडी गळते हे ठाऊक असल्याने तो आकडाही जुन्याच चित्रात बसवला गेला. गळती थांबायला दोन तासांहून जास्त वेळ लागला.

आपल्या घरातलं चित्र तपासायचं तर सुटा थर्मामीटर घ्या. तो एसीच्या थेट झोतात नको, नाहीतर झोताचंच तापमान मोजाल. खोली ३४ वर असताना २४ लावा, दर ५ मिनिटांनी आकडा लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, बाहेर तितकंच ऊन असताना १६ लावून तेच करा आणि खोली २६ वर यायला लागलेला वेळ ताडून पाहा. दोन्हीकडे किती मिनिटं लागतील तो अंदाज मोजण्याआधीच कागदावर उतरवा, मागाहून सगळ्यांनाच ‘मला वाटलंच होतं’ असं वाटतं. आणि पंख्याचा वेग दोन्ही दिवस ‘हाय’वर पक्का करा. ‘ऑटो’वर असेल तर काही एसी १६ लावल्यावर पंखाच जोरात सोडतात आणि श्रेय मात्र आकड्याला मिळतं.